बहात्तर पानांत मावेल एवढीच हालचाल

माझं पहिलं फ्लिपबुक, म्हणजे अंगठ्याने पानं भरभर सोडली की चित्र हलताना दिसतं असं छोटं पुस्तक, फसलं, कारण प्रसंगाची निवडच चुकली होती. एका रंगीत अॅनिमेशनपटात एक मुलगी टेकडीच्या उतारावरून धावत खाली येते. कॅमेरा तिच्याबरोबर सरकतो, मागची झाडं सरसर मागे पडतात, गवत वाऱ्यावर लवतं. पडद्यावर तो प्रसंग मी कितीदा तरी श्वास रोखून पाहिलाय. त्यातल्या फ्रेम, म्हणजे एकेक सुटी चित्रं, काढल्या, छापल्या, कापल्या, काळ्या बाइंडर क्लिपेत अडकवल्या आणि अंगठ्याने पानं सोडली. हिरव्या-तपकिरी रंगांचा नुसता चिखल फरफरत गेला. मुलगी कुठे आहे हे कळायच्या आत पुस्तक संपलं.

कॅमेरा हलत असला की दर पानावर सगळंच बदलतं, त्यामुळे नजरेला धरून ठेवायला काही उरत नाही. पडद्यावर हे खपतं, कारण चित्र मोठं असतं, सेकंदाला २४ फ्रेम ठरलेल्या वेगाने येतात आणि सोबत आवाज असतो. माझ्या पानावर चित्राला जेमतेम सात सेंटिमीटर जागा होती आणि वेग अंगठ्याच्या हातात. त्या दिवसापासून प्रसंग निवडताना मी आधी कॅमेरा बघते. तो जागचा हलायला नको. पात्र पूर्ण दिसायला हवं, शक्यतो बाजूने. मागे फिकं, पुढे गडद. रात्रीचे प्रसंग कितीही देखणे असले तरी सोडून द्यायचे, कागदावर त्यांची काजळी होते. आणि एका पुस्तकात एकच क्रिया. उडी तर उडीच, वळून बघणं तर वळून बघणंच.

हे सगळं जिथे एकत्र सापडलं तो चित्रपट १९१४ सालचा निघाला. विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराचा ‘गर्टी द डायनोसॉर’. पांढऱ्यावर काळी रेघ, अजिबात न हलणारं दृश्य, मागे डोंगर, तळं, खडक आणि मधोमध ही अवाढव्य, हट्टी, लाडावलेली डायनोसॉर. सांगितलं की पाय उचलते, रागावलं की रडते. शिवाय चित्रपट इतका जुना आहे की त्यावर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. स्वतःच्या कपाटात ठेवायला कोणत्याही चित्रपटाचं फ्लिपबुक करणं निराळं. पण दहाजणांना वाटायचं असेल तर ही बाब आधी तपासावी. आपल्याला जे आवडतं ते कुणाच्या तरी हातचं काम असतं.

मॅकेकडे वळायला आणखी एक कारण होतं. त्याने स्वतः सांगून ठेवलंय की मुलाने घरी आणलेली फ्लिपबुकं बघून त्याला चित्रं हलवायची कल्पना सुचली. म्हणजे मी जे चित्रपटाकडून पुस्तकाकडे नेत होते, ते तो पुस्तकाकडून चित्रपटाकडे घेऊन गेला होता. फ्लिपबुक हे सिनेमाच्या आधीचं आहे. इंग्लंडमधल्या जॉन बार्न्स लिनेटने १८६८ साली ‘काइनिओग्राफ’ या नावाने त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा पडद्यावरचं चित्र जन्माला यायला अजून पाव शतक होतं.

फ्रेम काढणं हे सगळ्यात सोपं काम. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ई हे अक्षर दाबत गेलं की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं. आधी मी असाच प्रसंग पूर्ण बघते, हातात वही घेऊन. मग एफएफएमपेग या प्रोग्रॅमला सांगायचं, इथपासून इथपर्यंतच्या सगळ्या फ्रेम वेगवेगळ्या फायली करून दे. मिनिटभरात फोल्डर भरतो.

गर्टीच्या फ्रेम बघताना मात्र घोळ लक्षात आला. पहिली वेगळी, दुसरी आणि तिसरी हुबेहूब सारखी, चौथी वेगळी, पाचवी-सहावी पुन्हा सारखी. मूकपट बहुतेकदा सेकंदाला १६ फ्रेमच्या आसपास चालायचे. आजच्या २४ च्या हिशेबात बसवताना दर दुसरी फ्रेम दोनदा मोजलेली असते. छापताना ही जुळी काढून टाकायलाच हवीत, नाहीतर चाल लंगडते. पुढच्या काळातल्या अॅनिमेशनमध्ये निराळाच प्रकार दिसतो. तिथे चित्रकारानेच एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरलेलं असतं, त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तिथे प्रत्येक जोडीतलं एक ठेवलं की काम भागतं.

जुळी गेली तरी माझ्याकडे १४४ चित्रं उरली होती, नऊ सेकंदांची. एवढ्या पानांचं पुस्तक अंगठ्याला पेलत नाही, म्हणून मी ७२ पानं ठरवली होती. अर्धी गाळायची होती. मी एकेक चित्र बघत बसले आणि जिथे फारसं काही घडत नव्हतं ती काढत गेले. पाय उचलण्याआधी गर्टी घुटमळते, ती पानं काढली. पाय वर गेल्यावर क्षणभर तसाच राहतो, तीही काढली. उरलं ते सगळं ऐवज असलेलं, प्रत्येक पानावर काहीतरी घडणारं. मला वाटलं, उत्तम निवड झाली.

पुस्तक भाचीच्या हातात दिलं. तिने दोनदा पानं सोडली, तिसऱ्यांदा जरा हळू सोडली आणि विचारलं, “मावशी, हिला कुठे जायची घाई आहे?”

मी घेतलं आणि पुन्हा बघितलं. खरंच होतं. पाय वर, पाय खाली, मान इकडे, मान तिकडे. काही टनांचं ते जनावर उंदरासारखं वळवळत होतं. वजन गेलं होतं. आणि ते नेमकं त्या पानांत होतं जी मी काही घडत नाही म्हणून टाकून दिली होती. जड प्राणी पाय उचलण्याआधी अंग सावरतो आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच त्याचं वजन. गर्टी श्वास घेते त्या चित्रांसाठी मॅके स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजत बसला होता. आणि मी तो श्वास पानं वाचवायला कापला होता.

सगळी फेकलेली चित्रं परत आणली. मग प्रसंगच लहान केला. दोन्ही पायांऐवजी एकच पाय घेतला, साडेचार सेकंद, सोळाच्या हिशेबाने बरोबर ७२. एकही चित्र गाळलं नाही. पानं कमी पडत असतील तर गोष्ट कापावी, थांबणं कापू नये, हे तेव्हापासून मी कुणालाही सांगते.

याच फ्रेम मोठ्या करून बघताना आणखी एक सापडलं. मागचे डोंगर आणि खडक सतत हलकेच थरथरतात. मला आधी ती प्रत खराब आहे असं वाटलं. पण त्या वेळी पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्र काढून खाली एकच पार्श्वभूमी ठेवायची पद्धत मॅकेने वापरलेली नव्हती. राइस पेपरवर प्रत्येक चित्रात गर्टीसकट डोंगर, तळं, खडक पुन्हा काढले जात, आणि ते गिरवायचं काम जॉन फिट्झसिमन्स नावाच्या तरुण मदतनिसाने केलं. हजारो वेळा तोच खडक. कागद जागच्या जागी बसावेत म्हणून कोपऱ्यांत फुलीच्या खुणा. तरीही हात हा हात असतो, केसभर इकडेतिकडे होणारच. कंप्युटरवर ती थरथर घालवता येते. मी घालवली नाही. अंगठ्याखाली पानं सुटतात तेव्हा तो खडक जिवंत वाटतो, आणि कुणीतरी तो दर वेळी नव्याने काढला होता हे हाताला कळतं.

आता कागद. साधा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, कागद वापरू नका. पानं लुळी पडतात, दोन-दोन तीन-तीन चिकटून सुटतात. २५० चा घेतला तर अंगठा दुखतो आणि पुस्तकाची पाठ, म्हणजे बांधलेली कड, उकलते. मला १६० चा मानवला. त्याची ७२ पानं साधारण दीड सेंटिमीटर जाड होतात, मुठीत छान बसतात. कागदाच्या तंतूंची दिशाही बघावी लागते, हे मला उशिरा कळलं. एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापायच्या, एक उभी, एक आडवी, आणि टोकाला धरून हवेत आडव्या सोडायच्या. जी जास्त लवते तिच्यात तंतू आडवे गेलेले असतात. फ्लिपबुकात तंतू पाठीला समांतर हवेत, म्हणजे पान सहज वाकतं आणि टपकन सुटतं.

पान मी १० सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा उंच ठेवते. ए-फोर उभा धरला की त्यावर अशी आठ बसतात, दोन रांगा, प्रत्येकी चार. चित्र उजवीकडच्या सात सेंटिमीटरमध्ये. डावीकडचे तीन पूर्ण कोरे, कारण तो भाग मुठीत आणि डिंकात जातो. एकदा मी पानभर चित्र छापलं होतं, गर्टीचं शेपूट कायमचं पाठीत गेलं. त्या कोऱ्या पट्टीत पानाचा नंबर छापायचा, बारीक का होईना पण छापायचाच. नंबर नसलेली ७२ पानं पंख्याच्या वाऱ्याने जमिनीवर पसरली की संध्याकाळ जाते, कारण लागोपाठच्या दोन चित्रांत आधीचं कुठलं हे नुसत्या नजरेने ठरत नाही.

छापण्याचा क्रम असा लावायचा की कापल्यावर पानं आपोआप ओळीने यावीत. आठ पानांचे नऊ कागद म्हणजे ७२. पहिल्या कागदाच्या पहिल्या जागी पान १, दुसऱ्या कागदाच्या त्याच जागी पान २, असं नवव्या कागदापर्यंत. दुसऱ्या जागी १० ते १८, तिसऱ्या जागी १९ ते २७. नऊ कागद एकावर एक ठेवून कापले की आठ गठ्ठे हातात येतात, प्रत्येक गठ्ठा आतून ओळीत. फक्त गठ्ठे एकाखाली एक लावायचे.

इथे एक खोच आहे. घरचा प्रिंटर प्रत्येक कागद थोडा वेगळा ओढतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. आणि वरच्या क्रमात लागोपाठची पानं वेगवेगळ्या कागदांवर असतात, म्हणजे हा फरक दर पानाला दिसणार, सगळं चित्र उड्या मारणार. म्हणून कागदाच्या कडा जुळवून कापायचं नाही. चारही कोपऱ्यांत कापायच्या खुणा छापायच्या आणि त्या खुणा जुळवायच्या. मी खुणेच्या छेदावर टाचणी टोचून तीन-तीन कागद एकत्र धरते, मग स्टीलची पट्टी आणि कटर. एका दमात नऊ कागद कापायला गेलं की खालचे सरकतात. कटरचं पातं प्रत्येक पुस्तकाला नवं घ्यावं, बोथट पात्याने कडेला लव येते आणि पानं एकमेकांना धरून ठेवतात.

अंगठ्याकडची कड सगळ्यात महत्त्वाची. एक पान मिलिमीटरभर आखूड राहिलं की अंगठा ते चुकवतो आणि त्याचं चित्र कधीच दिसत नाही. उलट सगळी पानं अगदी सरळ रेषेतही नकोत. बांधण्याआधी गठ्ठा किंचित तिरपा ढकलायचा, म्हणजे खालचं प्रत्येक पान वरच्यापेक्षा केसभर बाहेर येतं. मग पानं एकेक करून सुटतात, टर्रर्र असा एकसारखा आवाज येतो. तो आवाज आला की पुस्तक जमलं असं मी समजते, चित्र बघायच्याही आधी.

बांधणी फार बोलण्यासारखी नाही. दोन लाकडी पट्ट्यांमध्ये गठ्ठा आवळायचा, पाठीवर पांढरा डिंक तीन पातळ हातांनी द्यायचा, प्रत्येक हात वाळू द्यायचा. पहिला हात देताना पाठ जरा डावीकडे, जरा उजवीकडे पसरवली तर डिंक पानांच्या मधे शिरतो. जास्त टिकायला हवं असेल तर करवतीने पाठीवर तीन बारीक खाचा पाडून त्यांत दोरा बसवायचा. रात्रभर वाळलं की वरून पुठ्ठ्याची पट्टी.

सुरुवातीची आणि शेवटची पानं वेगळी विचारात घ्या. अंगठा पहिली दोन-चार पानं नेहमी अडखळत सोडतो आणि शेवटची एकदम सोडून देतो. म्हणून मी आता पहिलं चित्र पाच-सहा पानांवर तेच ठेवते, शेवटचंही. त्यामुळे बघणाऱ्याला जागा सापडते. वेग बघणाऱ्याच्या हातात असणं ही या माध्यमाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. हर्मन कॅस्लरच्या म्युटोस्कोप या हलती चित्रं बघायच्या जुन्या यंत्रात चाकाभोवती साडेआठशेच्या आसपास कार्डं लावलेली असायची आणि बघणारा स्वतः दांडा फिरवायचा. हवं तिथे हळू, हवं तिथे थांबून. मॅकेही आपली चित्रं कॅमेऱ्यासमोर नेण्याआधी तसल्याच यंत्रावर फिरवून तपासायचा.

चित्रपटावरून फ्लिपबुक करताना गाळायचं असतं, कॉमिकवरून करताना भरायचं असतं. हे मी मॅकेचीच रविवारची चित्रमालिका ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’ हाती घेतली तेव्हा उमगलं. जुलै १९०८ मधलं तिचं एक पान प्रसिद्ध आहे. निमो या लहान मुलाच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात आणि पलंग रात्रीच्या शहरातून चालत निघतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात. ते पान बघितलं की वाटतं, हे हलतंय. पण दोन चौकटींच्या मधे जी पांढरी फट आहे तिथे काही काढलेलं नाही. हालचाल वाचणाऱ्याने स्वतःच मनात पुरी केलेली असते. ती फट मला चित्रांनी भरायची होती.

त्यासाठी चार चौकटी निवडल्या. प्रत्येक चौकटीतला पलंग वेगळ्या आकाराचा, म्हणून आधी सगळे एका मापात आणले. उशी आणि पलंगाची कड एकावर एक बसेपर्यंत लहानमोठे केले. मग खालून दिवा असलेली काच, वर कागद, आणि दोन भोकांच्या पंचने सगळ्या कागदांना एकाच जागी भोकं, टेबलावर चिकटवलेल्या पट्टीच्या खुंट्यांत अडकवायला.

दोन चौकटींच्या मधे पाच चित्रं. आधी मी पाच सारखे भाग केले. पाय एकाच वेगाने वाढले, लिफ्ट वर जावी तसे. मग अॅनिमेशन करणारे करतात तसं केलं. आधी बरोबर मधलं चित्र काढायचं. मग मधलं आणि पहिलं यांच्या मधलं, तसंच दुसऱ्या बाजूला. मग टोकाला चिकटून अजून एकेक अर्धं. म्हणजे चित्रं दोन्ही टोकांकडे दाट, मधे विरळ. पाय हळू निघतात, मधे झेपावतात आणि पुढच्या चौकटीशी येऊन हळू होतात.

काढताना तीन कागद डाव्या हाताच्या बोटांत धरायचे, आधीचं, नंतरचं आणि मधे आपलं. बोटं मिटत-उघडत तिन्ही आळीपाळीने बघायचे. पेन्सिल उजव्या हातात तशीच. रेघ चुकली असेल तर लगेच डोळ्याला टोचते, पलंगाचा पाय लटपटतो. खोडायचं, परत बोटं हलवायची. पहिल्या दिवशी माझी बोटं आखडून गेली. चौथ्या दिवशी मी कागदाकडे न बघता ती हलवत होते.

चालण्याचा भाग अवघड. चार पायांचं चालतं कसं, याला एडवर्ड मायब्रिजची १८८७ सालची छायाचित्रं बघितली, ७८१ पत्रकांचा तो प्रचंड संग्रह. चालताना घोड्याचं आधी मागचं डावं पाऊल पडतं, मग पुढचं डावं, मागचं उजवं, पुढचं उजवं. पलंगालाही हीच चाल दिली आणि तो एकदम प्राणी झाला. या चालीची बाराच चित्रं काढली. तीच तीनदा वापरली, दर वेळी पलंग थोडा पुढे सरकवून. गर्टीमध्ये मॅकेनेही असे चित्रांचे फेरे वापरले होते.

हिशेब असा जमला. सुरुवातीची स्थिर सहा, वाढणाऱ्या पायांची एकोणीस, पहिलं पाऊल टाकण्याआधी पलंग उभा राहतो ती चार, चालीची छत्तीस, शेवटची सात. बहात्तर.

एक गोष्ट मी ठरवून केली नव्हती. चित्रं टोकांना दाट असल्यामुळे पाय सलग वाढत नाहीत, तीन धक्क्यांत वाढतात. दोन धक्क्यांच्या मधे पलंग दम घेतो. आधी मला ती चूक वाटली, मी तो भाग पुन्हा काढायला कागदही घेतले. पण पुस्तक हळू सोडून बघितलं तर जिथे जिथे पलंग दम घेत होता तिथे मॅकेची मूळ चौकट होती. चारही, त्याच क्रमाने, नजर ओळखेल इतका वेळ थांबून पुढे जाणाऱ्या. नवे कागद मी परत ठेवून दिले.

भाचीने ते पान कधी पाहिलेलं नव्हतं. तिने पुस्तक सोडलं, उलटं धरून पलंग लहान होताना बघितला, परत सुलटं केलं. मग फार हळू सोडत गेली आणि दुसऱ्या धक्क्यानंतर अंगठा तिथेच दाबून धरला.

“मावशी, हे चित्र तू नाही काढलंस ना?”